टाकळ्याचा वानवळा

गंगाकाकीने कुणाचं काही बळकावलं असं मला एखाद्या माणसाने येऊन सांगितलं असतं, तर मी त्याला गिरणीच्या पायरीवरूनच हाकलून दिलं असतं. पण सांगणारा माणूस नव्हता, कागद होता. वकिलाची नोटीस. सखारामकाका ती हातात धरून सरळ माझ्याकडे आले. इंग्रजी कागद आला की आमच्या गल्लीतली माणसं माझ्याकडे येतात. मला इंग्रजी फार येतं अशातला भाग नाही, पण पिठाच्या गिरणीवर माणूस कधीही सापडतो. मी अडखळत वाचून दाखवलं. अतिक्रमण, जमीन बळकावण्याचा हेतू, फौजदारी कारवाई. नोटीस गंगाकाकीच्या नावाने. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि खरं सांगायचं तर ती अजून उतरलेली नाही. तेव्हा पुढे कुठे माझा आवाज चढला तर समजून घ्या.

भिसेगावातली आमची गल्ली म्हणजे समोरासमोर बैठ्या घरांच्या दोन रांगा. एका टोकाला माझी गिरणी, दुसऱ्या टोकाला गंगाकाकीचं घर. सखारामकाका रसायनीच्या एका कारखान्यात आयुष्यभर हेल्पर होते. सुटताना हातात जे पडलं त्यात त्यांनी दोन खोल्या बांधल्या, पुढे अंगण ठेवलं. अंगणात काकीची अबोली, आळू, आणि भिंतीला टेकून एक मोगरा. बुद्धपौर्णिमेला त्याच अंगणात खिरीचं पातेलं चढतं आणि अख्खी गल्ली वाट्या घेऊन हजर असते. काकी अंगणवाडीत मदतनीस. आज मिशा फुटलेली आमच्याकडची निम्मी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन वाढली. ती अजून त्यांना भर रस्त्यात थांबवते आणि म्हणते, "आधी नाक पूस रं, मंग गाडी चालव."

बाई फटकळ. पण एक गोष्ट तिच्यात अशी मुरलेली की तिच्या फटकळपणाचं कुणाला काही वाटत नाही. तिचं माहेर डोंगराच्या पायथ्याच्या गावातलं. घरची जमीन वीतभरही नव्हती, बाप दुसऱ्यांच्या शेतावर राबायचा. त्या घरात एक रीत होती. कुणाच्या बांधावरून चार पानं खुडली, तरी त्यातली पहिली मूठ बांधाच्या मालकाच्या दारात नेऊन द्यायची. याला आमच्याकडे वानवळा म्हणतात. शेतात नवं काही आलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांना पाठवायचं, तोच वानवळा. बाकीचे लोक तो आपल्या शेतातलं पाठवतात. काकीकडे स्वतःचं शेतच नव्हतं, म्हणून ती ज्याची माती त्यालाच पाठवायची. शेजारच्या विमलबाईंच्या शेवग्याची फांदी काकीच्या अंगणात वाकलेली आहे. शेंगा काकीच्या डोक्यावर लोंबतात. तरी काढल्या की अर्ध्या शेंगा ती विमलबाईंच्या ओट्यावर ठेवून येते. विमलबाई म्हणतात, "अगं, तुज्या अंगणातल्या हायेत त्या." काकी म्हणते, "मुळं तुमच्या मातीत हायेत." या वाक्यावर गेली कित्येक वर्षं दोघी भांडतायत आणि दोघींच्याही घरात आमटीला शेंगा आहेत.

ही झाली गंगाकाकी. आता तिच्या भिंतीपलीकडचा प्लॉट.

पूर्वी तिथे विमलबाईंच्या दिरांचं भाताचं शेत होतं. ते विकलं गेलं, बिगरशेती झालं, त्याचे तुकडे पडले. काकीच्या घराला लागून असलेला तुकडा मुंबईच्या एका साहेबांनी घेतला. मधे पडलेला दलाल म्हणजे जितेश, विमलबाईंचा सख्खा पुतण्या. साहेबांनी टेंपोने कुठली तरी माती आणून भराव घातला, सगळ्या बाजूंनी भिंत बांधली, लोखंडी फाटकाला कुलूप ठोकलं आणि पाटी लावली: विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. त्यानंतर साहेब जे गेले ते गेले. नाव काय ते आम्हाला पुष्कळ दिवस माहीतच नव्हतं. आम्ही त्यांना पाटीवाले साहेब म्हणायचो.

त्या भरावाच्या मातीतून गाजरगवत आलं. पहिल्या पावसाळ्यात गुडघाभर, दुसऱ्या पावसाळ्यात कमरेच्या वर. पानं गाजराच्या पाल्यासारखी, वर पांढरी बारीक फुलं. लांबून कुणाला छान वाटेल. शेळी त्याला तोंड लावत नाही. कोपऱ्यात रानमोडी माजली, भिंतीवरून घाणेरी लोंबायला लागली, सापांची चंगळ झाली. पण सापाचं एक बरं असतं, तो दिसतो. गाजरगवताच्या फुलाची भुकटी दिसत नाही. ती वाऱ्यावर बसते आणि भिंत ओलांडते. पाटी तिला वाचता येत नाही.

काकीच्या पापण्या आधी सुजल्या. मग मानेवर, कोपराच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात खाज सुटली. खाजवून खाजवून कातडी काळी आणि जाड झाली, चिरा पडल्या. नंतर छाती धरायला लागली. रात्र रात्र उशा रचून बसून काढायची. अंगणवाडीत एका पोराच्या आईने विचारलं, "हे लागतं का दुसऱ्याला?" वाईट हेतूने नसेल विचारलं. पण दुसऱ्या दिवशी आणखी दोघींनी विचारलं, आणि मग काकीने वाढायचं बंद केलं, आणि पुढे कामावर जाणंच बंद केलं. ज्या हातांनी हजारो ताटं वाढली, ते हात ती पदराखाली लपवून बसायला लागली. मला तेव्हा जे वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही, छापण्यासारखं नाही.

डॉक्टर चांगले भेटले. त्यांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि सरळ सांगितलं, "हे गाजरगवताचं आहे. औषधाने दबेल, जाणार नाही. एक तर ते गवत तिथून जाऊ दे, नाही तर तुम्ही तिथून जा."

म्हणजे बघा. साहेब मुंबईत, साहेबांचा प्लॉट रिकामा, आणि घर कुणी सोडायचं, तर जी तिथे राहते तिने. मुलगी दीक्षा चौक गावाला दिलेली आहे. जावयाचं हायवेला गॅरेज, वर दोन खोल्या. ती म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल." काकी म्हणाली, "माजं घर हाय की नाय मला?"

सखारामकाकांनी अर्ज कुठे कुठे दिले ते सांगत बसत नाही. सगळीकडून एकच उत्तर आलं: खाजगी जागा आहे, आम्ही आत जाऊ शकत नाही, मालकाला सांगा. जितेशकडून नंबर घेऊन मालकाला फोन लावला. मालक फार गोड बोलले. "फोटो पाठवा, बघतो." फोटो पाठवले. पुन्हा फोन केला. "हो हो, पाहिलं, हिरवंगार दिसतंय की सगळं!" मी हे मनचं सांगत नाही. फोन माझ्या मोबाइलवरून लावला होता, स्पीकरवर होता, आणि गिरणीत ज्वारी दळायला आलेल्या चार बायका ते ऐकत होत्या.

शेवटी एका मे महिन्यात काकांनी जितेशला रस्त्यात गाठलं. जितेश मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला, "काढून टाका ना काका. तुम्ही साफ केलंत तर साहेबांचंच काम होतंय. ते काय नाही म्हणणार आहेत?" हेही मी ऐकलं. जितेशला आता ते आठवत नाही.

मागच्या बाजूला भिंतीचा एक भाग खचलेला होता, तिथून आम्ही आत गेलो. काका, मी, आणि गल्लीतली दोन माणसं. काकीला घरात कोंडून खिडक्या लावून घेतल्या होत्या. तरी ती आतून ओरडून शिकवत होती, "वरून कापू नगा, मुळासकट उपटा!" वाळलेली झुडपं, रानमोडीची खोडं, सगळं उपसलं, कोपऱ्यात ढीग केला आणि पेटवला. संध्याकाळी तांबडी माती उघडी पडली तेव्हा काका भिंतीवर बसून बिडी ओढत नुसते बघत राहिले.

पण उघडी माती ठेवायची नाही, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. पावसात तिच्यावर पुन्हा तेच उगवणार. भाताच्या गावात वाढलेल्या माणसाला मोकळा तुकडा बघवत नाही, तो तिथे काहीतरी टाकणारच. काकीने घरातून एक पिशवी काढली. आदल्या वर्षी रस्त्याकडेच्या टाकळ्याच्या शेंगा फोडून ठेवलेलं बी. काका ते मूठमूठ फेकून आले. टाकळा दाट उगवला की खाली दुसऱ्या कशाला जागा देत नाही, हा तिच्या माहेरचा अनुभव. शिवाय भाजी फुकट.

आणि खरंच जागा दिली नाही. जूनच्या शेवटी सगळा प्लॉट टाकळ्याने भरला, गोल गोल पानांनी, खाली माती दिसेना. गाजरगवताचं एखादं रोप डोकं वर काढायचं, ते काका उपटून टाकायचे. काकीच्या पापण्या उतरल्या. तिने खिडकी उघडली. एका सकाळी ती गिरणीवर आली, दोन्ही हात माझ्यासमोर पसरले आणि म्हणाली, "बघ रं प्रवीण, माणसाचे दिसायला लागले." चिरा भरून आल्या होत्या.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे जे झालं ते काकीच्या चांगुलपणाने झालं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप येतो.

टाकळ्याची पानं कोवळी असतानाच खातात. गल्लीतल्या बायकांनी भिंतीच्या खिंडारातून हात घालून खुडायला सुरुवात केली. काकी त्यांना ओरडली, "थांबा गं! माती कुणाची? आधी त्याला जाऊ द्या." तिने कोवळा कोवळा पाला स्वतः निवडला, धुतला, निथळून फडक्यात बांधला, वर चार मोगऱ्याची फुलं ठेवली आणि जितेशला बोलावलं. "तू मुंबईला जातोस ना साहेबाकडं? हे दे त्यांना. म्हनावं, तुमच्या जागेतलं हाय, गंगाबाईनं वानवळा धाडलाय. कांदा जास्त घालून करायची, म्हंजे कडू लागत नाय."

जितेशने ते गाठोडं नेलं. निरोपही दिला असावा. नीट दिला की कसा दिला, देव जाणे.

साहेबांच्या घरी त्या टाकळ्याचं काय झालं माहीत नाही, पण साहेबांचं रक्त गोठलं. त्यांनी वकील गाठला. वकिलाने विचारलं असणार: तुमच्या जमिनीत कुणी पेरलं? हो. पीक आलं? हो. त्यातला वाटा तुम्हाला आणून दिला? हो. झालं! दुसऱ्याची जमीन कसणारा आणि पिकाचा वाटा मालकाला घालणारा तो कूळ. कुळाचा जमिनीवर हक्क लागतो, ही भीती आमच्या भागात जमीन घेणाऱ्या प्रत्येक मुंबईकराच्या मनात घातलेली असते, आणि घालणारे जितेशसारखेच असतात. बाईने भाजी पाठवली, साहेबांना त्यात कुळाने घालायचा खंड दिसला. बिगरशेती प्लॉटला कूळ कसलं लागतंय? माझ्या ओळखीच्या एका वकिलाला विचारलं तर तो हसत सुटला. मला हसू आलं नाही. फुकटच्या रानभाजीवर कूळ लावायला निघालेली बाई म्हणून गंगाकाकीचं नाव कागदावर टाइप झालं होतं.

काकीने मला तो कागद पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, "भाजीचं कुटं लिवलंय?" मी बोटाने दाखवलं. ती त्या ओळीकडे बघत राहिली. तिला वाचता येतं, पण इंग्रजी नाही. "त्यांना आवडली नाय का?" एवढंच म्हणाली.

घरातला कर्ता म्हणून काकांना जितेशच्या ऑफिसात बोलावलं, सोबत मी गेलो. एसी लावलेला, काचेचं टेबल. साहेब स्वतः आले होते. गोरेगोमटे, हसतमुख, आवाज खाली. वाईट माणूस म्हणून ओळखू येईल असं काही त्यांच्यात नव्हतं, हीच तर पंचाईत असते. सखारामकाकांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. साहेबांनी ती वाचली, "अरेरे" म्हणाले आणि परत दिली. मी जितेशला म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना काढा म्हणून?" जितेश मोबाइल बघत म्हणाला, "मी असं कसं म्हणेन प्रवीणभाऊ?" मी उठून उभा राहिलो. काकांनी माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, साहेबासमोर उभं राहायचं कसं हे त्याला माहीत, भांडायचं कसं हे नाही. स्टँपपेपर तयार होता. यापुढे मी सदर प्लॉटमध्ये पाऊल ठेवणार नाही, कोणतीही लागवड करणार नाही. काकांनी सही केली. साहेबांनी त्यांना चहा पाजला.

आणि ऑगस्टमध्ये जेसीबी आला. फाटक उघडलं, टाकळा मुळासकट खरवडून काढला, माती उलटीपालटी केली, फाटकाला पुन्हा कुलूप. पीकच नाही तर कूळ कसलं! तीन आठवड्यांत त्या उकरलेल्या मातीतून गाजरगवत असं वर आलं, जणू त्याला आमंत्रण दिलं होतं. टाकळा खरवडायला साहेबांकडे जेसीबी होता. गाजरगवत उपटायला मात्र माणूस मिळत नव्हता.

गणपतीच्या सुमारास दीक्षा आली आणि आईला घेऊन गेली. काकीचे डोळे इतके सुजले होते की रिक्षात चढताना तिला पायरी दिसत नव्हती. चौकला तिला श्वास आला, पण झोप येईना. खाली गॅरेज, समोर हायवे. जावई चांगला आहे, कधी ब्र काढला नाही. काकीच तिथे पाहुण्यासारखी अंग चोरून राहायची. फोनवर मला विचारायची, "माज्या अंगनाला पानी घालतात का रं हे?" घालत होते. सखारामकाका इकडे स्वतःच भात शिजवून एकटे खात होते. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, एका गवतापायी, नवराबायकोची घरं दोन झाली.

थंडीत गवत वाळलं तेव्हा काकी परत आली.

पुढच्या पावसाळ्यात ढग भरून आले तशी दीक्षा पुन्हा येऊन बसली. पिशवी भरलेली होती. प्लॉटमधली रोपं वीतभर झाली होती, फुलायला अजून अवकाश होता. काकीने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला. मग काकांचा जुना रेनकोट अंगात चढवला, हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या, तोंडाला ओढणी गुंडाळली आणि ती मागच्या खिंडाराकडे चालायला लागली.

काका धावले. "अगं, कुटं चाललीस? मी सही केलीय!"

"तुमी केलीय," काकी म्हणाली. "मी कुटं केलीय?"

आणि ती आत गेली. वाकली आणि उपटायला लागली.

दीक्षा रडायलाच लागली, "आई, मरशील गं!" आम्ही सगळे गल्लीत जमलो. कुणाला काय करावं कळेना. ज्या झाडाने जीव घ्यायचा त्यालाच ती दोन्ही हातांनी धरून ओढत होती. तेवढ्यात विमलबाई पुढे आल्या. नोटिशीपासून विमलबाई मूग गिळून होत्या. पुतण्याच दलाल, बोलणार काय? काकीकडे शेंगांवरून भांडायलाही त्या वर्षभर गेल्या नव्हत्या. त्यांनी साडीचा पदर खोचला, खिंडारातून आत शिरल्या आणि काकीच्या हातातलं रोप हिसकावून घेतलं.

"जा तू घरात. तुज्या अंगाला सोसायचं नाय."

"मंग कोन काढंल?"

"मी काढते. मी बी सही केलेली नाय." आणि भिंतीवरून ओरडल्या, "बघताय काय गं? कुनी कुनी सही केलीय?"

कुणीच केली नव्हती. एकेक बाई आत शिरली. मी गिरणी बंद केली आणि गेलो. कुणीतरी जितेशला कळवलं, तो आला, फाटकाबाहेर उभा राहून मोबाइलवर आमचे फोटो काढायला लागला. विमलबाई मातीच्या हातांनी फाटकापाशी गेल्या. "नीट काड रं, तुजी काकी दिसू दे. आनि साहेबाला सांग, समद्यांचे कागद घेऊन ये. आमी सही करतो. पन त्याच कागदावर त्यानं पन लिवायचं, की हे रान मी काढीन." जितेशने मोबाइल खिशात घातला. ते कागद अजून आलेले नाहीत.

काकी त्या पावसाळ्यातही चौकला गेली, पण थोड्याच दिवसांत परतली. बायका आळीपाळीने आत जायच्या. विमलबाई सगळ्यांच्या पुढे. बोटं त्यांचीही खाजायला लागली, त्या कुणाला दाखवत नाहीत. गल्लीत काहीजण म्हणतात, बघा एकीचं बळ, किती छान. मला यात छान काही दिसत नाही. पन्नाशी-साठीच्या बायकांनी चोरासारखं खिंडारातून शिरून दुसऱ्याच्या मालमत्तेची फुकट साफसफाई करायची, तीसुद्धा आपल्याच शेजारणीला तिच्याच घरात श्वास घेता यावा म्हणून! यात कौतुक कसलं करायचं?

साहेबांना मात्र छान वाटलं. यंदा उन्हाळ्यात त्यांनी प्लॉट विकायला काढला. जितेशने मोबाइलवर जाहिरात फिरवली: स्वच्छ, देखभाल केलेला प्लॉट. सोबतचा फोटो आमच्या बायकांनी रान उपटल्यानंतरचा.

गेल्या आठवड्यात एक जोडपं बघायला आलं. तरुण होती दोघंही, बोलायला नम्र. जितेशने फाटक उघडून त्यांना चारी कोपरे दाखवले. काकी अंगणात आळूला पाणी घालत होती. त्या मुलीने भिंतीवरून हसून विचारलं, "मावशी, किती स्वच्छ आहे हो. कोण बघतं हे सगळं?"

जितेश घाईने काहीतरी बोलायला गेला. काकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आमी बघतो. तुमी घेनार काय?"

"विचार आहे."

"ऱ्हायाला येनार?"

मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "लगेच नाही मावशी. सध्या घेऊन ठेवायचा विचार आहे. पुढे बघू."

काकीने पाण्याची बादली खाली ठेवली. भिंतीपाशी आली आणि आपले दोन्ही हात, पालथे, भिंतीवर त्यांच्यासमोर ठेवले. चिरांचे काळे वण अजून आहेत त्यांच्यावर.

"हे तुमच्या मातीतल्या गवतानं झालंय. घ्या प्लॉट, माजी ना नाय. कागद काय पायजे तो बनवा, जमीन तुमची, मी अंगठा देते, सही देते, काय सांगाल ते देते. वानवळा पन धाडनार नाय. पन कुलूप लावलंत तर त्याची एक चावी माज्याकडं देऊन जायची. मला माज्या घरात ऱ्हायचंय."

मुलगी त्या हातांकडे बघत राहिली. नवरा जितेशकडे वळला आणि हळूच म्हणाला, "यांचा काही क्लेम वगैरे आहे का?"

काकीने ते ऐकलं. भिंतीवरचे हात उचलले, बादली घेतली आणि उरलेल्या आळूला पाणी घालून टाकलं. मग आत जाऊन दीक्षाला फोन लावला आणि म्हणाली, "पावसाच्या आधी माजी खाट मांडून ठेव गं."